वैशाखातली छत्री

आमच्या रत्नागिरीत चैत्र-वैशाखात रात्रीची जेवणं झाली की घरात कोणी थांबत नसे. कौलं दिवसभर तापलेली असत आणि पंख्याचा वाराही गरमच लागे. मग बायका ओटीवर बसत, पोरं पुढच्या अंगणात, खळ्यात लोळत आणि पुरुषमाणसं रस्त्याला लागत. मी सांगतो आहे ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टीव्हीचे अँटेना कौलांवर नुकते उगवायला लागले होते, पण माणसं अजून बाहेर बसत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "काय, फेरीला?" असं विचारत होती. या फेरीवाल्यांतला सगळ्यांत नेमाचा माणूस म्हणजे मनोहर. त्याच्या डाव्या हाताला मी असायचो.

मनोहर एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचा, त्यामुळे सगळं गाव त्याला मास्तर म्हणे. मी मन्या म्हणे, कारण खालच्या आळीत एकाच दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या दोन बाजूंना आम्ही वाढलो होतो. उंच, किडकिडीत अंग, पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि हातात मिटलेली काळी छत्री. भर वैशाखात छत्री! आभाळात औषधालासुद्धा ढग नसायचा. नाक्यावरचा पानवाला रोज विचारी, "मास्तर, पाऊस कुठंशी पडलाय?" आणि मनोहर रोज तेच उत्तर देई, "वळीव काय तुला सांगून येणार आहे?"

खरं कारण त्याच्या घरच्यांना आणि मला ठाऊक होतं. मनोहरला रात्रीचं दिसत नसे. दिवसा तो फळ्यावर नुसत्या हाताने असं गोल वर्तुळ काढी की पोरं कंपास लावून बघत. दिवेलागण झाली की मात्र त्याला रस्त्यावरचे दिवे तेवढे दिसत, त्यांच्याखालचा रस्ता दिसत नसे. मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की याला औषध नाही. आधी रात्र जाते, मग नजरेच्या दोन्ही बाजू जातात. त्याच्यापुढचं आपण ऐकूनच घेतलं नाही, असं तो सांगायचा. ऐकायची गरजही नव्हती. त्याच्या वडिलांचं त्याच वाटेने झालेलं त्याने लहानपणी बघितलं होतं, आणि गावानेही बघितलं होतं.

गावाने बघितलं होतं हीच अडचण होती. मनोहरला एकच मुलगी, कुंदा. तिचे डोळे उत्तम. मिरजेच्या डॉक्टरांनी तेही तपासून सांगितलं होतं. पण "त्या घराण्यात डोळ्यांचं आहे" एवढं वाक्य एका स्थळाच्या कानावर गेलं आणि ते स्थळ आलं तसं परत गेलं. त्या दिवशी मनोहर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाळ्या, उद्यापासून रात्री फिरायला जायचं. रोज. बॅटरी घ्यायची नाही. मी काळोखात फिरतोय हे गावाने बघितलं पाहिजे."

मी म्हटलं, "आणि कुठे आपटलास तर?"

"तू कशास आहेस मग?"

अशी ती फेरी सुरू झाली. लोकांना वाटे, केवढा हा मास्तरला गावाचा लळा! लळा तर होताच, तो खोटा नव्हता. पण फेरी म्हणजे आमचं रोजचं नाटक होतं, आणि त्याचे नियम मनोहरने बसवले होते. पहिला नियम, मी त्याचा हात धरायचा नाही. दुसरा, मी सतत बोलायचं, म्हणजे माझ्या आवाजावरून त्याला रस्ता कळे. मी जात्याच बोलका, पण माणूस रोज रोज बोलणार तरी काय? कचेरीतल्या साहेबापासून आमच्या म्हशीच्या आजारापर्यंत सगळं दोन-दोनदा सांगून झालं होतं. जरा थांबलो की हा खेकसे, "बोल की मेल्या! गप्प कशास झालास?" पुढे त्याने माझ्या रबरी सपातांवर हरकत घेतली, कारण त्या वाजत नसत. कोल्हापूरला शिबिराला गेला होता तेव्हा तिथून माझ्यासाठी चपलांचा जोड घेऊन आला. दुकानदाराला म्हणे त्याने सांगितलं, "जास्तीत जास्त करकरणारा दाखव." दुकानदाराने आयुष्यात असं गिऱ्हाईक बघितलं नसेल. त्या चपला मला चावायच्या, पण इलाज नव्हता.

छत्री ही अर्थात काठी होती. तिच्या टोकाला त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधला होता, म्हणजे ती दगडावर वाजू नये. चालताना ती सहज झुलवल्यासारखी करून तो पुढची पायरी चाचपून घेई. आमचं गाव म्हणजे नुसते चढउतार. दोन आळ्यांच्या मधून दगडी पायऱ्यांच्या पाखाड्या. दिसणारा माणूससुद्धा तिथे जपून पाय टाकतो. हा मान वर करून, आभाळाकडे बघत उतरायचा. ओटीवरून कोणीतरी हमखास म्हणायचं, "मास्तर, जपून हो!" त्यावर हा म्हणे, "डोळे मिटूनसुद्धा उतरेन!" आणि मला हसू आवरत नसे.

बाकीचं गाव तो नाकाने आणि कानाने वाचायचा. मेमध्ये राम आळीच्या पुढे एका वखारीत रात्री उशिरापर्यंत आंब्याची खोकी ठोकत असत. हातोड्या ऐकू आल्या की उजवीकडे वळायचं. पेंढ्यात पिकत घातलेल्या हापूसचा वास आला की तिथे गटार ओलांडायचं. पावाच्या भट्टीचा वास आला की समोर नाका. एकदा तो मला म्हणाला, "सीझन संपला की माझे अर्धे रस्ते बंद होतात रे." हे तो हसत म्हणाला, म्हणून मीही हसलो.

फेरीचं शेवटचं टोक म्हणजे मांडवीचा धक्का. तिथे वाऱ्याला मंडळी बसलेली असत. मनोहर कठड्याला टेकून उभा राही आणि हळूच माझ्या कानाशी विचारी, "काय काय आहे?" मी सांगे, आज होड्या कमी आहेत, एक मोठी बोट लांब उभी आहे, खाडीपलीकडे भाट्याच्या बाजूला कोणीतरी शेकोटी केली आहे. जरा वेळाने हा मोठ्याने शेजारच्याला म्हणे, "काय हो, ती बोट आज लांब कशास उभी केलीय? आणि भाट्याला शेकोटी कसली?" शेजारचा बघून म्हणे, "खरंच की! मास्तर, नजर आहे हो तुम्हांला." मग मनोहर किल्ल्याच्या दिशेला तोंड करून गप्प उभा राही. त्या बाजूच्या दीपगृहाचा झोत फिरत येई, तेवढा त्याला दिसे. दर वेळी तो यायची वाट बघे आणि आला की मान हलवी. ते बघताना मला वाईट वाटायचं. मग मी काहीतरी बोलायला लागायचो.

परतीचाही नियम होता. आमच्याकडे मित्राला सोडायला जायची रीत आहे. हा त्याला घरापर्यंत सोडणार, मग तो म्हणणार, "चल, तुला सोडतो," असं दोघेही तीनतीनदा एकमेकांच्या दारापर्यंत जाऊन येणार. आमचंही तसंच चाले, फक्त शेवटची खेप मनोहरच्या दाराशी संपायची. त्याच्या पायरीवर पाय पडला की माझी ड्यूटी संपली. इतकी वर्षं एकदाही त्याने मला शेवटचं सोडलं नाही. आळीतले लोक म्हणत, मास्तर जरा आढ्यतेखोर आहे, मित्राला राबवून घेतो.

आढ्यतेखोर म्हणवून घ्यायला त्याची मुळीच ना नव्हती. उलट, नाव राखायला तो भांडणसुद्धा करी. आळीतल्या एका लग्नात रात्रीची पंगत होती. मांडवात एकाच टोकाला बत्ती लावलेली, पानं मांडून, वाढून, रांगोळी घालून तयार. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात हा एकटाच पुढे निघाला आणि सरळ पानांवरून चालत गेला. कोशिंबीर तुडवलीन, लिंबू लाथाडलंन, एक पाय मठ्ठ्याच्या द्रोणात. सगळा मांडव आ वासून बघत राहिला. मनोहर क्षणभर थांबला, काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं, आणि मग त्याने असा काही आवाज लावला की बत्ती हलावी.

"जिथे माणसाला 'बसा' म्हणायची रीत नाही तिथे मास्तर जेवत नाही! ही तुमची पानं आणि हा तुमचा मठ्ठा!"

तो तरातरा निघाला तो भिंतीच्याच दिशेने. मी धावत जाऊन त्याला दंडाला धरलं. लोकांना वाटलं, मी समजूत घालतोय. मी त्याला बाहेर काढलं. पुढे काही दिवस यजमान त्याच्याकडे लाडू घेऊन माफी मागायला येत होते आणि हा गंभीर तोंड करून लाडू ठेवून घेत होता. मी विचारलं, "मन्या, लाज नाही वाटत?"

"वाटते तर! पण असं बघ, बाप भांडखोर ठरला तर मुलीचं लग्न अडत नाही. आंधळा ठरला तर अडतं." असं म्हणून त्याने मला एक लाडू दिला.

आणि एका मे महिन्यात कुंदाचं जमत आलं. मुलगा रत्नागिरीतच बँकेत होता. वडील अण्णा, आंजर्ल्याचे आंबा-नारळाचे बागायतदार, सावकाश बोलणारे, भारदस्त गृहस्थ. पत्रिका आधीच जुळल्या होत्या. दुपारी मुलगी बघून झाली, पसंत पडली, दोघं मुलं ओटीवर बसून बोलली. रात्री अण्णा एकटेच मनोहरकडे जेवायला आले. ते उतरले होते वरच्या आळीत चुलतभावाकडे. जेवणानंतर मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला उतरल्या जागी पोचवायचं ही रीत, आणि मनोहरच्या बायकोने दुपारीच मला बजावून ठेवलं होतं, "भावजी, रात्री तुम्ही हवेत हो."

हात पुसत अण्णा म्हणाले, "मास्तर, तुमच्या फेरीचं फार ऐकलंय. आज आम्हांलाही न्या."

फेरीचं ऐकलंय म्हणजे आणखी काय ऐकलंय, हे आम्हां दोघांनाही कळलं. कुंदा दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी त्या करकरणाऱ्या चपला पायांत घातल्या.

त्या रात्री मी इतका बोललो की अण्णांना मी अर्धवट वाटलो असेन. मनोहर मात्र रंगात होता. हातोड्यांशी वळला, आंब्याच्या वासाला गटार ओलांडलं, धक्क्यावर माझ्याकडून होड्या ऐकून त्या अण्णांना दाखवल्या. सगळं यथास्थित झालं. परत फिरलो आणि वरच्या आळीच्या पाखाडीवर मधोमध होतो, तोच लाईट गेली. सगळ्या गावाची. चंद्र नव्हता, आणि दोन्ही बाजूंना फणसांची दाट झाडं. अण्णा जागच्या जागी थांबले. मीही थांबलो. मनोहर चालत राहिला. त्या ठिकाणी रस्त्याचा दिवा नव्हताच आणि घरांचा झाडांतून येणारा अंधुक उजेड त्याला कधी दिसतच नसे, त्यामुळे त्याच्या लेखी काहीच झालं नव्हतं.

"का थांबलात?" त्याने वरून विचारलं.

"अहो, लाईट गेली ना! मला हात दिसत नाहीय माझा," अण्णा म्हणाले.

मनोहर दोन पायऱ्या खाली आला. "हात द्या. ही पुढची पायरी मोडकी आहे. हां. आता डावीकडे गडग्याला हात लावा. इथे मूळ वर आलंय, पाय उचला." आणि अण्णांना त्याने अलगद वर नेलं. मी अण्णांच्या सदऱ्याचं टोक धरून मागे. त्या पाखाडीवर त्या वेळी दिसणारा माणूस एकच होता.

चुलतभावाच्या दाराशी अण्णांनी त्याचा हात सोडला नाही. म्हणाले, "मास्तर, स्पष्ट बोलतो. तुमच्याबद्दल नको ते कानावर आलं होतं. म्हटलं, स्वतः जाऊन बघावं. आज बघितलं. उद्या सकाळी सुपारी फोडून टाकू."

परत येताना मला तर नाचावंसं वाटत होतं. मी बडबडत होतो, लग्न कुठे करायचं, आचारी कोण. मनोहर म्हणाला, "गप्प बस जरा." इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं. पाखाडीच्या पायथ्याशी तो थांबला.

"परत चल."

"वेडा आहेस काय? जमलंय सगळं! कुंदाचं बघ."

"तिचंच बघतोय. गावाला फसवलं, ते वेगळं. गावाला काय, चार दिवस गंमत. हा माणूस माझा हात धरून बोलला रे. उद्या त्या घरात कोणी म्हणालं, हिच्या बापाने फसवलंन, तर पोरीने तोंड कुठे लपवायचं?"

मी पुष्कळ वाद घातला. तो ऐकूनही न घेता चढायला लागला. मी मागून चपला वाजवत गेलो.

अण्णा कंदील घेऊन बाहेर आले. मनोहर पायरीखालीच उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, मला रात्रीचं दिसत नाही. मघाशी लाईट गेली तेव्हा तुम्हांलाही दिसेनासं झालं, एवढंच. मला ते रोजचं आहे. वडिलांना होतं. पुढे दिवसाचंही जाईल. कुंदाला काही नाही, डॉक्टरने बघून सांगितलंन. बाकी तुम्ही ठरवा."

अण्णांनी कंदील वर धरून त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. उजेडाने मनोहरचे डोळे मिचमिचले. मग अण्णांनी चपला घातल्या, खाली आले आणि म्हणाले, "चला, तुम्हांला पोचवतो."

मुलाचा बाप मुलीच्या बापाला पोचवायला निघाला, हे मी तरी कधी बघितलं नव्हतं. मनोहरचा हात धरून ते सगळी पाखाडी उतरले. वाटेत त्या दोघांचं कलमांबद्दल, यंदाच्या मोहोराबद्दल बोलणं चाललं होतं. दाराशी त्यांनी दोन्ही हात जोडले. कुंदाची आई मला आत बोलावून म्हणाली, "जमलं ना हो?" मी जमलं म्हणालो. माझी खात्रीच झाली होती.

सकाळी निरोप आला. पत्रिका पुन्हा दाखवली, एकनाड निघते, तेव्हा क्षमा असावी.

मी संतापलो. मनोहर पडवीत बसून पेन्सिलीला टोक काढत होता. म्हणाला, "हाताला धरून घरापर्यंत आणलंन की नाही मला? तेवढं त्याच्या हातात होतं, तेवढं त्याने केलंन. त्याच्याही घरात माणसं असतील." त्याच्या बायकोने त्याच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं, आणि मला ती तिची चूक वाटत नाही.

त्या रात्री फेरीला जावं की नाही या विचारात मी ओटीवर बसलो होतो. तेवढ्यात गडग्यापलीकडून हाक आली. मनोहर कुंदाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. छत्री नव्हती. तसेच आम्ही नाक्यावर गेलो, सगळ्या दिव्यांतून, सगळ्यांसमोरून. पानवाल्याने बघितलं आणि त्याच्या तोंडचा नेहमीचा प्रश्न तोंडातच राहिला. मनोहरच म्हणाला, "छत्री घरी आहे. वळीव आला तर कुंदा सांगेल."

धक्क्यावर मी सवयीने होड्या सांगायला लागलो. कुंदा म्हणाली, "बाळकाका, किती वर्षं बोलताय हो तुम्ही! आज मी सांगते." मग जरा थांबून म्हणाली, "त्या मुलाला मी ओटीवर सांगणारच होते. धीर झाला नाही. बाबांना झाला." मनोहर दीपगृहाकडे तोंड करून उभा होता. त्याने ऐकलं असावं.

कुंदाचं लग्न पुढे झालं ते मनोहरच्याच शाळेतल्या एका तरुण मास्तराशी. तो आपण होऊन विचारायला आला. त्याच्यापासून लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, सगळ्या गावाला सगळं ठाऊक झालं होतं. लग्नानंतर जावयाला चिपळूणला चांगली नोकरी मिळाली आणि दोघं तिकडे गेली. फेरीला पुन्हा मी आणि मनोहर उरलो. एव्हाना त्याच्या दोन्ही बाजू जायला लागल्या होत्या. मी आता उघडपणे त्याचा हात धरत असे आणि कधीकधी गप्पही चालत असे. ते दिवस मला सगळ्यांत आवडतात.

मग माझी ठाण्याला बदली झाली. जायच्या आदल्या रात्री आम्ही शेवटची फेरी मारली. त्या रात्री मनोहरने छत्री घेतली होती. परत आलो, त्याच्या दाराशी थांबलो. तो म्हणाला, "चल, तुला सोडतो." मी म्हटलं, "मन्या, उगाच काय?" तो पुढे चालू लागला. गडग्याला वळसा घालून त्याने मला माझ्या दारात आणलं, माझा पाय पायरीवर पडल्याचा आवाज नीट ऐकला आणि म्हणाला, "इतकी वर्षं राहिलं होतं."

मी त्याला परत सोडायला निघालो, तर छत्री आडवी धरलीन. मग एकटाच वळला. छत्रीच्या टोकाचा तो रबरी तुकडा त्याने काढून टाकला होता. लोखंडी टोक चिऱ्यांवर खणखण वाजत होतं, ओटीवरची माणसं बघत होती, आणि तो ते सगळ्यांना ऐकवत निघाला होता. वळणावर पांढरा सदरा दिसेनासा झाला. त्यानंतर मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही. मी दारातच उभा राहून तो आवाज ऐकत होतो. मध्ये तो थांबला, मी पायरी उतरलो, तोच पुन्हा सुरू झाला. आणि मग गडग्यापलीकडून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक आली.

"बाळ्या! पोचलो रे!"